कॅथलिक दैनंदिन चिंतनगद्यातील नम्रता, प्रार्थना आणि भरवसा : ब्रदर लॉरेन्स व लिझ्यूची तेरेझ यांच्या लेखनाच्या संदर्भात

१. प्रस्तावना

धार्मिक वाङ्मयाचा विचार करताना स्तोत्र, पुराण, चरित्र, अभंग, प्रवचन हे प्रकार समीक्षकांच्या नजरेसमोर प्रामुख्याने असतात. रोजच्या जगण्यातील साध्या कामांवर, किरकोळ प्रसंगांवर आणि मनातल्या चढउतारांवर केलेले छोटेखानी चिंतन हा प्रकार मात्र ‘उपासनेचे साहित्य’ म्हणून बाजूला ठेवला जातो. मराठीपुरते पाहिले तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता यांची चर्चा वाङ्मयेतिहासात होते. त्या मानाने वसई परिसरातील कॅथलिक नियतकालिकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या चिंतनपर गद्याकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही.

या उपेक्षेमागे दोन कारणे संभवतात. पहिले असे की, या लेखनात साहित्यगुण बेताचेच असतात अशी समजूत आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ‘नम्र व्हा, प्रार्थना करा, देवावर भरवसा ठेवा’ हा उपदेश शेवटी दुबळ्याला गप्प बसवतो, असा संशय आधुनिक वाचकाच्या मनात असतो. हा संशय निराधार नाही. तो झटकून टाकून या गद्याचे कौतुक करणे म्हणजे समीक्षेची जबाबदारी टाळणे होय.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील दोन प्रातिनिधिक लेखनांचा विचार केला आहे. पहिले, सतराव्या शतकात पॅरिसमधील मठाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांची पत्रे व संभाषणे. दुसरे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तलेल्या लिझ्यूच्या तेरेझ यांचे आत्मकथन. हे दोन्ही लेखक कार्मेल संघाचे. या लेखनाच्या आधारे एक विधान मांडावयाचे आहे. नम्रता आणि भरवसा ही मूल्ये प्रथमपुरुषी वाक्यात खरी ठरतात. तीच द्वितीयपुरुषी आज्ञार्थात आली की त्यांचे रूप बदलते आणि बहुधा ती सत्तेची भाषा होतात. म्हणून या गद्याचे मूल्यमापन करताना ‘काय सांगितले’ याइतकेच ‘कोणी, कोणाला, कोणत्या जागेवरून सांगितले’ हे पाहणे अगत्याचे ठरते.

२. शब्दांचा विचार

मराठीत या भावासाठी ‘नम्रता’ आणि ‘लीनता’ असे दोन शब्द रूढ आहेत. ‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूपासून आला आहे. वाकायचे म्हटले की समोर कोणीतरी असावे लागते. ‘लीन’ शब्दाच्या मुळाशी चिकटणे, विरून जाणे हा अर्थ आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील ‘ह्युमिलितास’ या लॅटिन शब्दाचा संबंध ‘ह्युमुस’ म्हणजे माती या शब्दाशी आहे. मातीशी असणे यात समोर कोणी वरचढ असण्याची अट नाही. आपण आहोत तेवढेच आहोत, हे ओळखणे एवढाच त्याचा गाभा. आविलाच्या तेरेसा यांनी ‘अंतर्दुर्ग’ या १५७७ मधील ग्रंथात नम्रतेची सांगड थेट सत्याशी घातली, ती याच परंपरेला धरून. त्यांच्या विवेचनाप्रमाणे नम्र असणे म्हणजे सत्यात वावरणे. स्वतःला हीन लेखणे हेही असत्यच, कारण मिळालेले देणे त्यात नाकारले जाते.

आपल्या व्यवहारात या शब्दांचा प्रवास कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘सविनय’, ‘नम्र विनंती’, ‘आपला आज्ञाधारक’ हे शब्द अर्जातून नेहमी खालून वर जातात; वरून खाली आलेल्या परिपत्रकात ते क्वचितच आढळतात. ज्या भाषाव्यवहारात नम्रता अशी एकाच दिशेने वाहते, तेथे नम्रतेचा उपदेश ऐकताना वाचकाने सावध होणे स्वाभाविक आहे.

‘भरवसा’ या शब्दाबाबतही असाच भेद करावा लागतो. ‘विश्वास’ या शब्दात एखादी गोष्ट खरी मानणे हा अर्थ प्रबळ आहे. ‘भरवसा’ म्हणजे त्या खरेपणावर आपला भार टाकणे. मराठी बायबलमध्ये ‘भाव ठेवणे’ असा जो प्रयोग आढळतो, तो या दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे. तेरेझ यांच्या लेखनातील मध्यवर्ती शब्द ‘कॉन्फियांस’ हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तेरेझ यांच्याविषयी जे प्रबोधनपत्र काढले, त्याचे शीर्षकही तेरेझ यांच्या एका पत्रातील याच शब्दाने घडले आहे. त्याला मराठीत ‘भरवसा’ हाच प्रतिशब्द न्याय देतो असे वाटते.

३. ब्रदर लॉरेन्स : स्वयंपाकघरातील प्रार्थना

निकोला एर्मां यांचा जन्म सुमारे १६१४ साली लोरेन प्रांतातील एरिमेनिल या गावी झाला. तीस वर्षांच्या युद्धात ते सैनिक होते. जखमी झाल्यावर त्यांनी सैन्य सोडले. पुढे एका श्रीमंताकडे त्यांनी नोकरी केली. तेथे आपण किती वेंधळे होतो आणि वस्तू कशा फोडत असू, याची आठवण ते स्वतःच सांगत. १६४० साली ते पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाले आणि ‘लॉरेन्स’ झाले. मात्र ते धर्मगुरू नव्हते. मठातील शारीरिक कष्टाची कामे ज्यांच्याकडे असत, त्या सामान्य बंधूंपैकी ते एक. अनेक वर्षे स्वयंपाक आणि नंतर पादत्राणांची दुरुस्ती ही त्यांची कामे होती. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्यांचे निधन झाले.

लॉरेन्स यांची शिकवण एका वाक्यात सांगता येते : प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत भेद करू नये, देव दोन्हीकडे सारखाच जवळ असतो. हा विचार तत्त्व म्हणून नवा नाही. त्याला वाङ्मयीन वजन येते ते तपशिलांमुळे. तव्यावर ऑम्लेट उलटवणे ही त्यांच्या दृष्टीने देवाच्या प्रेमासाठी केलेली कृती आहे. ते स्वयंपाकाची आवड असल्याचा आव आणत नाहीत. या कामाचा आपल्याला मुळातच तिटकारा होता, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे. मठासाठी दारू खरेदी करायला त्यांना बर्गंडीत पाठवले गेले, तेव्हा पायाने अधू असल्यामुळे होडीत पिंपांवरून घसटत जाण्याखेरीज त्यांना इलाज नव्हता. व्यवहाराची जाण नाही, शरीर साथ देत नाही, तरी काम पार पडले, इतकेच ते नोंदवतात. यात चमत्कार नाही आणि कष्टाचे उदात्तीकरणही नाही.

‘भरवसा’ या मूल्याचीही अशीच कसोटी येथे लागते. आपण देवाकडून कायमचे टाकले गेलो आहोत, या भीतीत लॉरेन्स यांनी कित्येक वर्षे काढली. ती भीती युक्तिवादाने गेली नाही. देवासाठी म्हणून जगायचे ठरवले आहे, पुढचे काय ते तो पाहील, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या तारणाचा हिशेब मांडणेच सोडले. सुखी माणसाने देवाचे आभार मानावेत, तसा हा भरवसा नाही. उत्तर न मिळालेल्या माणसाने काम चालू ठेवावे, तसा तो आहे.

लेखनाच्या घडणीकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. लॉरेन्स यांचे विचार प्रामुख्याने दोन रूपांत उपलब्ध आहेत. सोळा पत्रे त्यांची स्वतःची आहेत. चार संभाषणे, ज्यांतील पहिल्यावर ३ ऑगस्ट १६६६ ही तारीख आहे, जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंनी टिपून ठेवली आणि लॉरेन्स यांच्या निधनानंतर प्रसिद्ध केली. संभाषणांत लॉरेन्स ‘तो’ आहेत. त्यांची वाक्ये अप्रत्यक्ष कथनात येतात. परिणामी कित्येक ठिकाणी एका माणसाचा अनुभव सर्वांसाठीच्या नियमासारखा वाटू लागतो. पत्रांत हे घडत नाही. एका पत्रात तर लॉरेन्स स्वतःचाच अनुभव ‘आमच्या मठातील एक बंधू’ म्हणून सांगतात. येथे तृतीयपुरुष नियम घडवण्यासाठी येत नाही. स्वतःला झाकण्यासाठी येतो. व्याकरणाचे रूप एकच, पण हेतू अगदी उलट आहेत.

४. तेरेझ : लहान प्रसंगांचे आत्मकथन

तेरेझ मार्तां यांचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलांसाँ येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८८८ साली, त्या लिझ्यू येथील कार्मेल मठात गेल्या आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने निवर्तल्या. नऊ वर्षांचे हे मठजीवन बाह्यतः घटनाशून्य आहे. त्यांचे आत्मकथन तीन वेगवेगळ्या व्यक्तींना उद्देशून लिहिलेल्या तीन हस्तलिखितांचे आहे. पहिले त्यांची थोरली बहीण आणि तेव्हाची मठाध्यक्षा मदर आन्येस यांच्या सांगण्यावरून, दुसरे दुसऱ्या बहिणीला पत्ररूपाने, आणि तिसरे मठाध्यक्षा मारी द गोंझाग यांच्यासाठी. तिसऱ्याची अखेरची पाने शाईने लिहिण्याचीही ताकद न राहिल्याने पेन्सिलीने लिहिली आहेत.

या कथनातील प्रसंग अत्यंत किरकोळ आहेत. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत कसलातरी आवाज करते. तेरेझ यांना घाम फुटतो, पण त्या वळून पाहत नाहीत. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाणी तोंडावर उडवते. एका वृद्ध, चिडखोर भगिनीला हात धरून भोजनगृहात न्यावे लागते आणि काहीही केले तरी ती समाधानी नसते. सहजीवनाचा अनुभव असलेल्या कोणालाही या प्रसंगांचे मोल कळेल. मोठा त्याग एकदाच करावा लागतो. आवाजाचा त्रास रोजचा असतो.

प्रार्थनेविषयीही तेरेझ असेच निःसंकोचपणे लिहितात. ध्यानाच्या वेळी आपल्याला झोप लागते, एकटीने जपमाळ करणे जड जाते, पुस्तकांतल्या सुंदर प्रार्थनांनी डोके दुखते, हे त्या लपवत नाहीत. पावित्र्याचा जिना चढण्याची ताकद नाही, म्हणून त्यांना श्रीमंतांच्या घरात नव्याने आलेल्या लिफ्टची उपमा सुचते. लहान मुलाला उचलून घ्यावे तसे देवाने आपल्याला उचलावे, अशी ही कल्पना. तत्कालीन यंत्रयुगातील वस्तू मठातल्या मुलीच्या अध्यात्मात इतक्या सहज येते, हे तिच्या निरीक्षणशक्तीचे द्योतक होय.

नम्रतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र नवदीक्षितांच्या संदर्भातील आहे. १८९६ पासून नवदीक्षितांना घडवण्याची जबाबदारी प्रत्यक्षात तेरेझ यांच्याकडे होती. म्हणजे त्यांच्या हाती थोडा का होईना अधिकार होता. या नवदीक्षितांना आपल्याविषयी जे आवडत नाही ते तोंडावर बोलण्याची मोकळीक होती. ते बोल म्हणजे गोडाधोडाने विटलेल्या जिभेला मिळालेले आंबट, चरचरीत सॅलड होय, असे तेरेझ यांना वाटते. येथे नम्रतेची दिशा उलटली आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे, तो खालच्याचे बोलणे ऐकून घेतो. वर उल्लेखिलेल्या अर्जातील नम्रतेहून ही नम्रता मूलतः भिन्न आहे.

५. अंधार आणि बदललेली श्रोती

१८९६ च्या ईस्टरपासून मृत्यूपर्यंत तेरेझ यांना श्रद्धेच्या गंभीर कसोटीतून जावे लागले. परलोक आहे ही जाणीवच नाहीशी झाली. दाट धुके, आकाशापर्यंत पोहोचलेली भिंत, आणि मृत्यूनंतर केवळ शून्य आहे असे हिणवणारा आवाज, अशा प्रतिमांत त्यांनी हे लिहिले आहे. विशेष म्हणजे श्रद्धाहीनांकडे त्या वरून पाहत नाहीत. आपण त्यांच्याच मेजावर बसून त्यांचीच भाकर खात आहोत, असे म्हणतात. ज्या मुलीच्या नावाने ‘भरवसा’ हा शब्द ओळखला जातो, तिने तो शब्द श्रद्धेची जाणीव हरपलेली असताना लिहिला, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. येथे भरवसा ही भावना नाही; तो निर्णय आहे.

तेरेझ यांच्या मृत्यूनंतर बरोबर एक वर्षाने, ३० सप्टेंबर १८९८ रोजी, ‘एका आत्म्याची कहाणी’ या नावाने हे लेखन २००० प्रतींत प्रकाशित झाले. तत्पूर्वी मदर आन्येस यांनी त्यात हजारो बदल केले होते. भाषा सुबक केली, काही तीव्र जागा सौम्य केल्या. तीन हस्तलिखितांतील तीन श्रोत्यांच्या जागी एकच श्रोती, मारी द गोंझाग, असावी अशी रचनाही करण्यात आली. प्रकाशनाला मान्यता देताना गोंझाग यांनी घातलेली ती अट होती. मूळ हस्तलिखिते वाचकांना मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

या संपादनाचा वाङ्मयीन परिणाम मोठा आहे. बहिणीशी बोलणारा ‘मी’ आणि वरिष्ठांसमोर लेखी निवेदन देणारा ‘मी’ एकच नसतो. पहिल्यात नम्रता सत्याच्या जवळ असते, दुसऱ्यात आज्ञाधारकतेच्या. श्रोता बदलला की शब्द तेच राहूनही नम्रतेचा अर्थ बदलतो. जवळजवळ अठ्ठावन्न वर्षे वाचक या दुसऱ्या तेरेझला ओळखत होते.

लॉरेन्स यांच्या बाबतीतही ग्रंथाचे भवितव्य सत्तेशी निगडित राहिले. १६८७ साली रोमने मोलिनोस यांच्या निष्क्रियतावादी शिकवणीचा निषेध केला. १६९९ मध्ये फेनेलाँ यांच्या ग्रंथावर ठपका आला. फेनेलाँ हे लॉरेन्स यांना भेटलेले होते. या वातावरणात स्वयंपाक्याची साधी पत्रेही संशयाच्या कक्षेत आली. पुढे हा ग्रंथ जपला तो बव्हंशी इंग्रजी भाषेतील प्रॉटेस्टंट वाचकांनी. जॉन वेस्ली यांनीही त्याचा आपल्या ग्रंथमालेत समावेश केला. ‘देवावर सोपवा’ हा उपदेश सत्तेला सोयीचा असतो, असे सरसकट म्हणता येत नाही. देवाशी थेट बोलणारा स्वयंपाकीही सत्तेला अडचणीचा वाटू शकतो.

६. आक्षेप आणि मर्यादा

वरील विवेचनावरून हे लेखन निर्दोष आहे असा समज होऊ नये. तेरेझ यांच्या शैलीत फुले, खेळणी, लहानगेपण यांची रेलचेल आहे आणि ती पुष्कळदा अतिगोड होते. हा त्या काळच्या फ्रेंच भक्तिसाहित्याचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण अनुभवाची धार त्यामुळे बोथट होते. लॉरेन्स यांच्या पत्रांत पुनरुक्ती फार आहे. कष्टाची कामे सामान्य बंधूंनीच का करावीत, हा प्रश्न त्यांच्या लेखनात उद्भवतच नाही.

याहून कठीण जागा आहे ती लॉरेन्स यांच्या आजारी व्यक्तीला लिहिलेल्या पत्रांची. तुमचे दुखणे जावे अशी प्रार्थना मी करत नाही, ते सोसण्याचे बळ मिळावे अशी करतो, या आशयाचे ते लिहितात. हे वाक्य द्वितीयपुरुषी आहे. प्रस्तुत लेखातील विधान काटेकोरपणे लावले, तर येथे लॉरेन्स दोषी ठरतात. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, हे लिहिणारा माणूस स्वतः पायाच्या दुखण्याने जर्जर होता आणि स्वतःसाठीही त्याने वेगळे काही मागितले नव्हते. परंतु हेच वाक्य धडधाकट माणसाने रुग्णाशेजारी उभे राहून उच्चारले, तर ते क्रूर होईल. ‘देवाची इच्छा’ हे शब्द सोसणाऱ्याने उच्चारणे आणि सोसणाऱ्याला ऐकवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उपासनेच्या पुस्तकांत अशी वाक्ये संदर्भातून सुटी करून दिनविशेषांसारखी छापली जातात, तेव्हा नेमके हेच अंतर पुसले जाते.

७. मराठी संदर्भ

मराठी वाचकाला या गद्याशी नाते जोडणे अवघड नाही. जनाबाईंच्या अभंगांतील जाते, दळण, शेण वेचणे हे सारे घरकाम परमार्थाचेच क्षेत्र आहे. तरीही भेद स्पष्ट आहे. जनाबाईंकडे देव स्वतः कामाला हात लावतो. दासीचे ओझे वाटून घेतले जाते. लॉरेन्स यांच्या स्वयंपाकघरात देव उपस्थित असतो, पण ऑम्लेट लॉरेन्स यांनाच उलटवावे लागते. पहिल्या कल्पनेत दासीच्या स्थितीविषयी एक मूक तक्रार आहे. दुसऱ्या कल्पनेत ती नाही. तेथे एकाकी कष्टाची शांत कबुली आहे.

मराठी कॅथलिक समाजातील अलीकडचे उदाहरण म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा निर्देश करावा लागेल. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. प्रार्थना आणि श्रद्धा या विषयांवर लिहिणारा हाच लेखक हरित वसईच्या चळवळीत दंडेलीविरुद्ध उभा राहिला. देवापुढे नम्र असणारा माणूस माणसांच्या अन्यायापुढे वाकलाच पाहिजे, असे मुळीच नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मातीशी असण्याचा अर्थ वसईत तर अक्षरशः मातीच्या बाजूने उभे राहणे असा झाला.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, दैनंदिन चिंतनगद्याचे साहित्यमूल्य त्यातील तत्त्वात नसून, तत्त्वाला अडवणाऱ्या तपशिलात असते. तव्यावरचे ऑम्लेट, तोंडावर उडालेले पाणी, प्रार्थनेत लागलेली झोप यांच्यामुळे उपदेश अनुभवाच्या पातळीवर येतो. दोन, नम्रता व भरवसा यांची सत्यता बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. सोसणाऱ्याच्या तोंडी ती मूल्ये राहतात. वरिष्ठाच्या तोंडी ती सहज आदेश होतात. तीन, संपादन, अनुवाद आणि वेचे काढणे या प्रक्रियांत ‘मी’ आणि श्रोता दोन्ही बदलू शकतात. म्हणून अभ्यासकाने मूळ पाठाकडे जाणे ही केवळ ग्रंथशास्त्रीय औपचारिकता ठरत नाही.

महाविद्यालयीन वर्गात आपण विद्यार्थ्यांना विनयाचे महत्त्व सांगतो. तेरेझ यांच्या नवदीक्षितांचा प्रसंग शिकवताना तो विद्यार्थ्यांना उद्देशून नसून आपल्याला उद्देशून आहे, हे मान्य करावे लागते. या गद्याची उपयुक्तता मान्य करायची असेल तर ती येथून मान्य करावी लागेल : ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने ते प्रथम स्वतःसाठी वाचावे.